आपल्या वाडीचा नकाशा आपणच काढू

(वाडी, नागपूर येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आधी मागणी सांगतो, कारणं नंतर. मला तुमच्यापैकी वीस जण हवे आहेत. पुढचे सहा रविवार, सकाळी दोन तास. खिशात मोबाईल, पायात बूट आणि डोळे उघडे, एवढंच भांडवल पुरेल. या सहा रविवारांत आपण वाडीचा नकाशा भरायचा आहे. गल्ल्या, नाले, दवाखाने, शाळा, अंगणवाड्या, पाण्याच्या टाक्या, मशिदी, मंदिरं, विहारं, कब्रस्तान, स्मशान, बस थांबे, वजनकाटे, सगळं. पैसे मिळणार नाहीत. प्रमाणपत्रही मिळणार नाही. तरी का यावं, ते आता सांगतो.

मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसतो. दिवसभर बिल्टी बनवायची, गाड्या भरून रवाना करायच्या, आलेल्या गाड्या खाली करून घ्यायच्या. रायपूरहून, सुरतेहून, हैदराबादहून ड्रायव्हर येतो. अमरावती रोडपर्यंत तो बरोबर पोहोचतो, तिथून पुढे फोन सुरू होतो. "भाऊ, गोडाऊन कुठं आहे? मोबाईल तर शेतात नेऊन सोडतोय." मग मी सांगतो, आठव्या मैलाकडे जाऊ नको, खडगाव रोडला वळ, पाण्याची टाकी दिसेल, टाकीच्या अलीकडे डावीकडे. तो चुकतो. सोळा चाकी गाडी ज्या गल्लीत वळूच शकत नाही त्या गल्लीत घालतो. मागे रांग लागते, शिव्या सुरू होतात, आणि हमाल तासभर रिकामे बसतात. त्यांची मजुरी मालावर असते, बसून राहण्यावर नसते. नकाशातल्या एका चुकलेल्या रेघेचा खर्च असा गरिबाच्या खिशातून निघतो.

तुमच्यापैकी कितीतरी जण घरपोच सामान पोहोचवण्याचं काम करतात. तुम्हाला हे मी सांगायची गरज नाही. पिन एका जागी, घर दुसऱ्या जागी. उशीर झाला की रेटिंग तुमचं जातं, नकाशा बनवणाऱ्याचं नाही.

हे झालं पोटापाण्याचं. आता जिवाचं बोलतो. एप्रिल 2021 मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, आपल्याच वाडीतल्या एका खासगी रुग्णालयाला रात्री आग लागली आणि रुग्णांचे जीव गेले. चांगला नकाशा असता तर ती आग लागली नसती, असं मी म्हणणार नाही. ते खोटं होईल. पण अशी वेळ कुठेही आली की पहिले प्रश्न जागेचेच असतात. बंब कोणत्या बाजूनं आत शिरेल? रस्ता किती रुंद आहे? पुढे गेट बंद तर नाही? जवळ पाणी कुठे आहे? अॅम्ब्युलन्सला पर्यायी वाट कोणती? ही माहिती आज आहे, नाही असं नाही. ती त्या गल्लीत राहणाऱ्यांच्या डोक्यात आहे. संकटाच्या रात्री डोक्यातली माहिती बंबाच्या ड्रायव्हरपर्यंत पोहोचत नाही.

आता आपण ज्या नकाशावर काम करणार त्याबद्दल. त्याचं नाव ओपनस्ट्रीटमॅप. 2004 साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट नावाच्या विद्यार्थ्यानं तो सुरू केला. तिथल्या सरकारी सर्वेक्षण संस्थेकडे उत्तम नकाशे होते, पण सामान्य माणसाला ते वापरायला मोकळे नव्हते. मग लोक सायकलवर जीपीएस यंत्र घेऊन निघाले आणि आपल्या गावचे रस्ते स्वतः नोंदवू लागले. विकिपीडिया जसा लोकांनी लिहिला, तसा हा नकाशा लोकांनी काढला. आज तो जगभराचा आहे. कोणीही खातं उघडून त्यात भर घालू शकतो, कोणीही त्यातली माहिती उतरवून घेऊ शकतो, छापू शकतो, त्यावर आपलं ॲप बनवू शकतो. अट दोनच. नकाशा कोणाचा आहे ते श्रेय द्यायचं, आणि त्या माहितीत भर घालून तुम्ही ती पुढे प्रसिद्ध केली तर तीही तशीच खुली ठेवायची.

कोणी म्हणेल, गूगलचा नकाशा आहे ना मोबाईलमध्ये, मग हे दुसरं कशाला? गूगलचा नकाशा चांगला आहे, मीही वापरतो. पण एक जुनी गोष्ट आठवा. गूगलनं 2008 मध्ये मॅप मेकर नावाची सोय सुरू केली होती. लोकांनी आपापल्या गावचे रस्ते, दुकानं, शाळा त्यात भरल्या. भारतात तर हौशी लोकांनी भरपूर काम केलं. 2017 मध्ये कंपनीनं ते बंद केलं. केलेलं काम कंपनीच्या नकाशात राहिलं, पण त्यावर हक्क कंपनीचा. उद्या त्याच माहितीवर नगर परिषदेसाठी नाल्यांचा नकाशा काढायचा म्हटलं, तर ती उचलून वापरता येत नाही. घाम आपला आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, असा तो व्यवहार.

ओपनस्ट्रीटमॅपची माहितीही मोठ्या कंपन्या वापरतात, हे मी लपवत नाही. मेटा वापरते, ॲमेझॉन वापरते, मायक्रोसॉफ्ट वापरते. मग आपण त्यांच्यासाठी फुकट राबायचं का? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की सार्वजनिक विहिरीवर सावकारही पाणी भरतो, म्हणून आपण विहीर खणायची थांबत नाही. त्यानं विहिरीला कुलूप लावू नये, एवढं पाहायचं. परवाना ते पाहतो.

अशा नकाशानं काय होतं, याची दोन-तीन उदाहरणं सांगतो.

12 जानेवारी 2010 ला हैतीमध्ये भूकंप झाला. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स कोसळली. मदतपथकं पोहोचली तेव्हा शहराचा कामाचा नकाशाच नव्हता. उपग्रहाची छायाचित्रं खुली करण्यात आली आणि जगभरातल्या शेकडो लोकांनी घरी बसून त्यावरून रस्ते, पडलेल्या इमारती आणि लोकांनी ठोकलेले तंबू नोंदवले. काही दिवसांत नकाशा उभा राहिला आणि बचावपथकांनी तो आपल्या यंत्रांमध्ये भरून घेतला. त्यातूनच अशा कामासाठी एक कायमची स्वयंसेवी संघटना उभी राहिली.

नेपाळचं उदाहरण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. तिथे 25 एप्रिल 2015 ला भूकंप झाला. पण काठमांडू लिव्हिंग लॅब्स नावाच्या गटातली तरुण मंडळी त्याच्या आधीपासून काठमांडू खोऱ्यातल्या शाळा, दवाखाने, रस्ते नोंदवत होती. संकट आलं तेव्हा पाया तयार होता. बाहेरच्या हजारो लोकांनी त्यावर भर घातली. संकट आल्यावर शोधाशोध करणाऱ्यांत आणि आधी काम करून ठेवणाऱ्यांत किती फरक असतो, ते तिथे दिसलं.

तिसरं उदाहरण किबेराचं. केनियातल्या नैरोबी शहरातली ही मोठी झोपडवस्ती. ही वस्ती मुळात वसवली ती सुदानी न्युबियन सैनिकांनी. ब्रिटिशांच्या फौजेतले मुसलमान सैनिक होते ते. त्यांच्या भाषेत किबरा म्हणजे जंगल. पुढे सगळ्या धर्मांची, सगळ्या जमातींची माणसं तिथे येऊन राहिली. लाखो माणसं राहत होती, तरी 2009 पर्यंत नकाशांवर ती जागा जवळपास कोरी होती. त्या वर्षी वस्तीतल्याच तरुणांना जीपीएस यंत्रं देऊन शिकवलं गेलं आणि त्यांनी पाण्याचे नळ, संडास, दवाखाने, शाळा, प्रार्थनास्थळं नोंदवली. कोरी जागा म्हणजे रिकामी जागा, असं सरकारी टेबलावर समजलं जातं. नकाशावर शाळा दिसू लागली की तिथे मुलं आहेत हे कबूल करावं लागतं.

आता घराजवळ या. 23 सप्टेंबर 2023 ची पहाट नागपूर विसरणार नाही. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीनं काठ सोडला, आणि तळमजल्यावरची माणसं झोपेतच पाण्यात सापडली. टीव्हीवर अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी दिसली. पण नाग नदी कुठून येते? आपल्या लाव्याच्या टेकड्यांमधून. वाडीकडचं पाणी उतरून अंबाझरीत जातं आणि तिथून शहरात. म्हणजे आपल्याकडचा कोणता नाला बुजवला, कोणत्या नाल्यावर लेआउट पडलं, कोणत्या पुलाखालची मोरी प्लास्टिकनं तुंबली, याचा हिशेब खालच्या माणसाच्या घरात पोहोचतो.

आपले नाले आपल्याला माहीत आहेत का? लहानपणी ज्यात खेकडे पकडले तो नाला आज कोणत्या भिंतीखालून जातो, हे दाखवू शकाल? मोठ्या कंपनीच्या नकाशाला नाल्यात रस नसतो, कारण नाला काही विकत घेत नाही. आपल्या नकाशावर नाल्याची रेघ काढता येते, तो उघडा आहे की झाकलेला हे लिहिता येतं, मोरी कुठे आहे ते दाखवता येतं. पुढच्या पावसाळ्याआधी हा कागद नगर परिषदेच्या टेबलावर ठेवता आला, तर तक्रारीला वजन येईल. "आमच्याकडे पाणी साचतं" हे एक वाक्य झालं. या ठिकाणी, या मोरीजवळ, या इतक्या गल्ल्यांत पाणी साचतं, हा पुरावा झाला.

मुसलमान तरुणांच्या चळवळीनं यात का पडावं, असाही प्रश्न मला विचारला गेला. आपल्यापुढे तालीम आहे, रोजगार आहे, तलाकचा प्रश्न आहे, द्वेषाचं राजकारण आहे. नकाशा हा काय आपला विषय आहे?

पहिली गोष्ट, नाला हा सगळ्यांचा विषय आहे. आपण नेहमी म्हणतो की मुसलमानाकडे नागरिक म्हणून पाहा. मग नागरिकाचं कामही आपण करायला हवं, आणि ते फक्त आपल्या मोहल्ल्यापुरतं नको. आपण दत्तवाडीही नोंदवू, दवलामेटीही नोंदवू, आंबेडकर नगरही नोंदवू, डिफेन्सच्या बाहेरचा बाजारही नोंदवू. विहाराची नोंद मुसलमान पोराच्या हातून झाली आणि मशिदीची नोंद बौद्ध पोरीच्या हातून झाली, तर सहा रविवारांत जी ओळख होईल ती शंभर सद्भावना सभांतून होत नाही.

दुसरी गोष्ट, हे काम आपल्याला परकं नाही. किब्ला कोणत्या दिशेला, हा प्रश्न पडला म्हणून मुसलमान विद्वान शतकानुशतकं भूगोल आणि गणितात गुंतले. अल-बिरुनीनं अकराव्या शतकाच्या सुरुवातीला आजच्या पाकिस्तानातल्या नंदना किल्ल्यावरून क्षितिजाचा कोन मोजून पृथ्वीची त्रिज्या काढली. अल-इद्रीसीनं 1154 मध्ये सिसिलीचा ख्रिस्ती राजा रॉजर याच्यासाठी जगाचा नकाशा पुरा केला. त्यात दक्षिण वर आणि उत्तर खाली आहे. त्याची पद्धत ऐका. देशोदेशीच्या प्रवाशांना बोलावून विचारपूस करायची, त्यांची माहिती एकमेकांशी पडताळायची, जिथे एकमत होईल ते ठेवायचं, बाकी सोडायचं. या कामाला पंधरा वर्षं लागली. आपण जे करणार आहोत ते वेगळं काही नाही.

आपल्या मातीतलीही एक गोष्ट सांगतो. भारताची महान त्रिकोणमितीय मोजणी 1802 मध्ये मद्रासहून विल्यम लॅम्बटननं सुरू केली. वीस वर्षं मोजत मोजत तो आपल्या विदर्भापर्यंत आला आणि 1823 च्या जानेवारीत हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याच्यानंतर हे काम जॉर्ज एव्हरेस्टनं चालवलं, ज्याचं नाव शिखराला दिलं गेलं. त्या मोजणीची नाजूक यंत्रं दुरुस्त करणारा, सांभाळणारा कारागीर होता अर्काटचा सय्यद मीर मोहसिन हुसेन. एव्हरेस्ट त्याच्या हुन्नराचा मोठा चाहता होता. शिखराला नाव मिळालेला साहेब सगळ्यांना माहीत आहे, यंत्र सुरू ठेवणारा मोहसिन हुसेन कोणाला माहीत नाही. पण हे मी छाती फुगवण्यासाठी सांगत नाही. बिरुनीच्या नावानं टाळ्या वाजवून आपल्या गल्लीतला नाला नकाशावर येत नाही. वारसा सांगायचा तर कामानं सांगायचा.

आता भीतीबद्दल बोलू. हा प्रश्न तुमच्या मनात आहे, आणि तो विचारायला संकोच वाटतो हेही मला कळतं. "आपल्या वस्तीची माहिती आपणच जगापुढे मांडायची आणि उद्या कोणी तीच आपल्याविरुद्ध वापरली तर?" मार्च 2025 मध्ये महाल भागात काय झालं, किती ठिकाणी संचारबंदी लागली, ते आपण पाहिलं आहे. दंगलीत नावं, दुकानं, घरं हेरली जातात हेही या देशानं पाहिलं आहे. म्हणून ही भीती मी वेडगळ समजत नाही. तिच्यासाठी आपण नियम केले आहेत, आणि ते पाळायला तयार असेल त्यानंच या कामात यावं.

एक. माणसाची नोंद करायची नाही. घरमालकाचं नाव, कोणाचा मोबाईल नंबर, कोणत्या घरात कोण राहतं, यातलं काहीही नाही. घर म्हणजे फक्त इमारत आणि पाटीवर असेल तर क्रमांक.

दोन. दुकान नोंदवताना पाटीवर आहे तेवढंच. पंक्चरचं दुकान हे पंक्चरचं दुकान. मालक कोणत्या धर्माचा, हे नकाशाचं काम नाही आणि आपलंही नाही.

तीन. मशीद, मंदिर, विहार, चर्च, कब्रस्तान या सार्वजनिक जागा आहेत, रस्त्यावरून दिसतात, त्यांना पाटी असते. त्या नोंदवायच्या. मशिदीचा मिनार दोन गल्ल्या दुरून दिसतो, तो नकाशावर लपवून काही लपत नाही. नोंद असली तर नवख्या ड्रायव्हरला नमाजची जागा सापडते, मय्यत घेऊन बाहेरगावाहून आलेल्यांना कब्रस्तानचं गेट सापडतं. पण घरात भरणारा मुलांचा मकतब, घरगुती बैठक, बायकांचं मंडळ या खासगी जागा आहेत. त्या नोंदवायच्या नाहीत.

चार. खातं उघडताना पूर्ण नाव आणि फोटो लावायची सक्ती नाही. टोपणनाव चालतं. तुम्ही केलेला प्रत्येक बदल तारखेसह कायम दिसत राहतो, म्हणून आपल्या घरापासून सुरू होणारा जीपीएस माग वर चढवू नका.

पाच. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या भिंतीच्या आत काहीही नोंदवायचं नाही, फोटो काढायचा नाही, ड्रोन तर विषयच नाही. ज्यांचे वडील तिथे नोकरीला आहेत त्यांनी घरात ऐकलेलंही लिहायचं नाही. भिंतीबाहेरचा सार्वजनिक रस्ता, बस थांबा, बाजार एवढंच. देशाच्या सीमारेषांनाही हात लावायचा नाही. त्याबाबत आपल्याकडे कायदा कडक आहे आणि आपलं काम वाडीचं आहे.

कायद्याचं म्हणाल, तर 15 फेब्रुवारी 2021 ला केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागानं नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. भारतीयांना नकाशाची माहिती गोळा करायला आणि प्रसिद्ध करायला आधी परवानगी घ्यावी लागत नाही. संवेदनशील ठिकाणांबद्दल बंधनं आहेत, ती पाळायची. रस्त्यात कोणी हटकलं, पोलिसांनी विचारलं, तर घाबरायचं नाही आणि हुज्जतही घालायची नाही. मोबाईल दाखवायचा, काय करतोय ते सांगायचं. आपण नगर परिषदेला आणि पोलीस ठाण्याला आधीच पत्र देणार आहोत. त्याची प्रत प्रत्येक जोडीच्या खिशात असेल.

अजून एक शंका. कोणीही बदल करू शकतो म्हणता, मग कोणी मुद्दाम मशिदीचं नाव पुसलं, वस्तीला शिवी चिकटवली तर? होऊ शकतं. पण बदलाचा इतिहास राहतो, जुनी नोंद परत आणता येते आणि असा खोडसाळपणा सतत करणाऱ्याला अडवणारा स्वयंसेवकांचा गटही आहे. आपण मात्र भांडायचं नाही. नोंद दुरुस्त करायची, पुरावा म्हणून पाटीचा फोटो ठेवायचा, पुढे निघायचं. ज्या नकाशावर आपली माणसं रोज नजर ठेवतात तिथे खोडसाळपणा फार टिकत नाही. ज्याच्याकडे कोणी पाहत नाही तिथेच तो टिकतो.

वक्फबद्दल दोन वाक्यं. 2025 च्या कायद्यानंतर जूनमध्ये सरकारनं उमीद पोर्टल सुरू केलं आणि वक्फ मालमत्तांच्या नोंदीत जागेचं भौगोलिक स्थान द्यावं लागू लागलं. त्यामुळे काही लोकांना वाटतं की ओपनस्ट्रीटमॅपवर कब्रस्तान दाखवलं की मालकी सिद्ध झाली. तसं अजिबात नाही. हा नकाशा मालकीचा पुरावा नाही. त्यासाठी सातबारा, आखीव पत्रिका, मोजणीचा नकाशा, जुनी वक्फ नोंद हीच कागदपत्रं लागतात. पण अक्षांश-रेखांश काय असतात, हद्द कशी चालून पाहायची, उपग्रहाच्या चित्रावर आपली जागा कशी ओळखायची, हे आज ज्याला येतं तो उद्या मशिदीच्या विश्वस्तांच्या कामी येईल. चाचा-मामूंना संगणकापुढे दुसऱ्याच्या भरवशावर बसावं लागणार नाही.

आता प्रत्यक्ष काम. आपण जोड्या करू. एकानं पाहायचं, एकानं नोंदवायचं. अँड्रॉइड मोबाईल असेल तर स्ट्रीटकम्प्लीट नावाचं ॲप घ्या. ते तुम्हाला जागेवर उभं करून साधे प्रश्न विचारतं. हा रस्ता डांबरी आहे की मातीचा? इथे रात्री दिवा असतो का? या दुकानाची वेळ काय? या इमारतीला किती मजले? तुम्ही उत्तर द्यायचं, नकाशा भरत जातो. आयफोन असेल तर एव्हरी डोअर आहे. नवा रस्ता किंवा नाला काढायचा तर संगणकावर, उपग्रहाच्या चित्रावर रेघ ओढायची. ते मी पहिल्या रविवारी शिकवीन, तासाभरात येतं. ज्याच्याकडे चांगला मोबाईल नाही त्यानं कागदावर छापलेला नकाशा आणि पेन घ्यावा. कागदावरचं काम संध्याकाळी आपण मिळून चढवू.

एक पथ्य मात्र पाळा. गूगलवरून काही उतरवायचं नाही. ती चोरी ठरते आणि असं काम काढून टाकलं जातं. स्वतः पाहिलं ते लिहा. नाही पाहिलं तर सोडून द्या.

नावांचा प्रश्न येणार. एका वस्तीला पाटीवर एक नाव, लोकांच्या तोंडी दुसरं, म्हाताऱ्यांच्या तोंडी तिसरं. पाटीवरचं आणि लोक वापरतात ते मुख्य नाव. जुन्या नावाला आणि पर्यायी नावाला वेगळा रकाना आहे, तिथे ते लिहा. कोणाचंही नाव पुसायचं नाही. शिवाय प्रत्येक भाषेसाठी वेगळा रकाना आहे. मराठी नाव देवनागरीत लिहा, उर्दू नाव उर्दूत लिहा. आपल्यातल्या किती जणांना दोन्ही लिप्या येतात! मराठी शाळेत शिकलेली मुलं आणि उर्दू शाळेत शिकलेली मुलं जोडीनं बसली तर वाडीच्या शाळा, दवाखाने, रस्ते दोन्ही भाषांत वाचता येतील. हे काम बाहेरचा कोणी येऊन करणार नाही, कारण बाहेरच्याला ही दोन्ही नावं माहीतच नाहीत.

मुलींना वेगळं सांगतो. तुमच्याशिवाय हा नकाशा अर्धा राहील. अंधार पडल्यावर कोणत्या गल्लीतून जायचं नाही हे तुम्हाला माहीत आहे, मला नाही. दिवा कुठे बंद आहे, बायकांसाठी संडास कुठे आहे आणि त्याला कायम कुलूप कुठे असतं, क्लासला जाताना बस थांब्यावर उभं राहायला जागा आहे का, ही माहिती पोरांच्या डोळ्यांना दिसत नाही. घरून परवानगीचा प्रश्न असेल तर अम्मी, आपा, खाला कोणालाही सोबत आणा. त्यांनाही कामाला लावू. बाहेर पडणं जमतच नसेल, तर घरी बसून उपग्रहाच्या चित्रावरून इमारती काढण्याचं मोठं काम आहे. हैतीचा नकाशा घरी बसलेल्यांनीच काढला होता.

म्हाताऱ्यांकडेही जायचं आहे. लेआउट पडण्याआधी इथे कुठून पाणी वाहायचं, विहिरी कुठे होत्या, गाडीरस्ता कुठून जायचा, हे सत्तरीतल्या माणसाला विचारा. जे आज जमिनीवर दिसत नाही ते नकाशात घालता येणार नाही, पण वहीत लिहून ठेवा. बुजवलेल्या नाल्याचा शोध तिथूनच सुरू होतो.

सहा रविवारांनंतर काय? आपण वाडीचे मोठे नकाशे छापू. खाली "ओपनस्ट्रीटमॅप योगदानकर्ते" असं श्रेय असेल, आपली नावं नसतील. एक प्रत नगर परिषदेला, एक अग्निशमन दलाला, एक पोलीस ठाण्याला, एकेक शाळांना, मशिदींना, विहारांना. नाल्यांचा आणि पाणी साचणाऱ्या जागांचा वेगळा नकाशा पावसाळ्याआधी निवेदनासोबत देऊ. त्यानंतर महिन्यातून एक रविवार पुरेल, कारण वाडी थांबत नाही. आज मोकळं दिसणाऱ्या जागेवर दिवाळीपर्यंत गोडाऊन उभं राहतं.

आज घरी गेल्यावर एक करा. मोबाईलवर ओपनस्ट्रीटमॅप उघडा, वाडी शोधा, आपली गल्ली शोधा. तीन गोष्टी पाहा. गल्ली आहे का? तिचं नाव बरोबर आहे का? जवळचा दवाखाना त्यावर दिसतो का? तिन्ही असतील तर आनंद आहे, दुसऱ्याच्या गल्लीला मदत करा. नसतील तर तुमचं पहिलं काम तुम्हाला सापडलं.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता इथेच जमायचं आहे. ऊन चढायच्या आत, नऊला मोकळे. मोबाईल पूर्ण चार्ज करून आणा, पाण्याची बाटली आणा, आणि शक्य असेल तर आपल्या मोहल्ल्याबाहेरचा एक मित्र किंवा मैत्रीण सोबत आणा. नाव लिहायचा कागद दाराजवळच्या टेबलावर आहे. नावापुढे एवढंच लिहा की तुम्हाला वाडीचा कोणता भाग पायाखालचा आहे.